कळांची नोंद

भारतात प्रसूतीविषयी पुष्कळ काही मोजले जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्या. २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीत हेच प्रमाण ३८.७ टक्के होते. दर एक लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांची संख्या २००४-०६ मध्ये २५४ होती, ती २०१८-२० मध्ये ९७ वर आली. सिझेरियनचे प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेले. बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजले की नाही, बाळंतिणीला दोन दिवसांच्या आत कोणी तपासले की नाही, याचेही आकडे राज्यवार मिळतात. त्या ठळक निर्देशांकांच्या लांबलचक तक्त्यात एक गोष्ट मात्र कुठेही सापडत नाही : कळा सोसताना किती स्त्रियांना वेदनाशमन मिळाले, किती जणींनी ते मागितले आणि मागूनही किती जणींना मिळाले नाही.

यात कोणी हेतुपुरस्सर उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही. जिथे बाळंतपणात बायका मरत होत्या, तिथे आधी मरण मोजले गेले हे योग्यच झाले. परंतु जगणे बरेचसे निश्चित झाल्यावर ते जगणे कशातून जाते हेही विचारावे लागते. मोडलेले हाड बसवताना, दात काढताना, साधे गळू फोडतानासुद्धा भूल न देणारा डॉक्टर आज निर्दय ठरेल. आठ-दहा तास चालणाऱ्या कळांना उपचाराची गरज असते, हे मात्र प्रसूतिकक्षात अजूनही पटवून द्यावे लागते. मराठीत ग्रंथकर्ते आपल्या पुस्तकाच्या जन्माला सर्रास प्रसववेदनांची उपमा देतात. त्या वेदनांचे पावित्र्य भाषेला इतके प्रिय आहे की त्या कमी कराव्यात हा विचार अनेकांना जवळजवळ अभद्र वाटतो.

या कळांचे शरीरशास्त्र आज चांगले उलगडलेले आहे. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे स्नायू पुन्हा पुन्हा आकुंचन पावतात आणि गर्भाशयमुख हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. हा ताण टिपणारे बारीक चेतातंतू छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या पातळीवर मज्जारज्जूशी जोडलेले असतात. म्हणून कळ गर्भाशयात उठते, पण जाणवते ती ओटीपोटात, कमरेत, कधी मांड्यांत. नेमके बोट ठेवता येणार नाही अशी, खोल आणि पसरट. दुसऱ्या टप्प्यात बाळाचे डोके खाली सरकून योनिमार्ग आणि त्याभोवतीचे स्नायू ताणू लागले की माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या ते चौथ्या चेता जाग्या होतात, आणि वेदना धारदार व एका जागी एकवटलेली होते. तिचा परिणाम मनावरच होतो असे नाही. श्वास अतिजलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये वाढतात, रक्तदाब चढतो. निरोगी स्त्रीचे शरीर हे पेलते. हृदयविकार किंवा गर्भारपणातील उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीला हाच भार धोक्याचा ठरू शकतो.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदना शब्दांतून मोजण्याची प्रश्नावली १९७० च्या दशकात तयार केली आणि पुढे ती प्रसूत होणाऱ्या स्त्रियांना लावून पाहिली. पहिलटकरणींच्या कळांची सरासरी तीव्रता त्यांनी अभ्यासलेल्या बहुतेक वेदनांहून अधिक निघाली. मात्र त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली, आणि ती अधिक महत्त्वाची आहे : स्त्रीस्त्रीमध्ये फार मोठी तफावत होती. काहींना कळा सौम्य वाटल्या, काहींना असह्य. श्वसनाचे आणि मन शांत ठेवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या वेदना काहीशा उतरल्या, तरी त्यांतल्याही अनेकींनी पुढे औषध मागितलेच. २०२० साली केंब्रिजच्या संशोधकांनी पहिल्या बाळंतपणात एकदाही वेदनाशामक न मागणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा पोटॅशियमच्या मार्गिकेशी संबंधित एका जनुकाचे दुर्मीळ रूप त्यांच्यात अपेक्षेहून अधिक आढळले. या रूपामुळे वेदना वाहणाऱ्या चेतापेशी सहजासहजी उद्दीपित होत नाहीत. ज्या सुनेच्या सोशिकपणाचे कौतुक सारे घर वर्षानुवर्षे करते, तिच्या सोशिकपणात संस्कारांचा वाटा किती आणि पोटॅशियमचा किती, हे सांगणे कठीण आहे. आणि जी ओरडली, तिला कमकुवत ठरवणे तर सरळसरळ अशास्त्रीय आहे.

या वेदनेवरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे एपिड्यूरल. मज्जारज्जू ज्या द्रवभरल्या पिशवीत असतो, तिच्या बाहेर, मणक्यांच्या पोकळीत एक अरुंद जागा असते. कमरेच्या दोन मणक्यांच्या फटीतून विशिष्ट वळणाच्या टोकाची सुई हळूहळू आत नेली जाते. सुईला जोडलेल्या पिचकारीत सलाइन असते आणि भूलतज्ज्ञाचा अंगठा तिच्या दट्ट्यावर. मणक्यांना बांधणाऱ्या चिवट पिवळ्या अस्थिबंधात सुई असेपर्यंत दट्ट्या हलत नाही. ती पार होताच विरोध एकाएकी नाहीसा होतो. ही सारी विद्या त्या अंगठ्याच्या स्पर्शात आहे. मग सुईतून सुतासारखी बारीक नळी सरकवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत उरते ती फक्त मऊ नळी. 'पाठीत सुई तशीच ठेवतात' हा समज देशभर पसरलेला आहे, म्हणून हे सांगणे आवश्यक.

एपिड्यूरलची जी बदनामी आहे, तिच्यातील बराचसा भाग जुन्या मात्रेचा आहे. पूर्वी ब्युपिव्हाकेन या औषधाचे पाव टक्का किंवा त्याहून तीव्र द्रावण वापरत. वेदना जात असे, पण पायही जड होत, जोर करण्याची शक्ती उणावे, आणि चिमट्याने बाळ काढण्याचे प्रसंग वाढत. आज एक दशांश टक्का किंवा त्याहूनही सौम्य द्रावणात फेंटानिलची अत्यल्प मात्रा मिसळतात. कळ आल्याचे कळते, पोट घट्ट झाल्याचे जाणवते, पण ती पिळवटत नाही. ११ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की एपिड्यूरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, दीर्घकाळची पाठदुखी जडत नाही, आणि बाळाच्या जन्मवेळच्या स्थितीत फरक पडत नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे वाढलेले प्रमाणही २००५ नंतरच्या अभ्यासांत दिसत नाही. तोटे आहेतच : रक्तदाब उतरतो, अंगाला खाज सुटते, ताप येऊ शकतो, लघवी अडू शकते, प्रसूतीचा काळ थोडा लांबतो. साधारण शंभरात एखादीच्या बाबतीत सुई चुकून आतल्या आवरणाला लागते आणि नंतर काही दिवस उठून बसताच डोके ठणकते. हे सारे आधी सांगायचे असते, लपवायचे नसते.

वेदनाशमनाची विद्या भारताला नवी नाही. बोस्टनमध्ये ईथरचा पहिला जाहीर प्रयोग ऑक्टोबर १८४६ मध्ये झाला आणि मार्च १८४७ मध्ये कलकत्त्यात ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली. आगबोटींच्या त्या काळात पाच महिने म्हणजे वेगच म्हणायचा. त्याच वर्षी जानेवारीत एडिंबराच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी अडलेल्या बाईला ईथर दिले, नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म, आणि बायबलच्या आधारे येऊ शकणाऱ्या आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिकाही लागलीच छापली. ७ एप्रिल १८५३ रोजी जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला आठव्या बाळंतपणात रुमालावरून क्लोरोफॉर्म हुंगवला. हेच स्नो पुढच्या वर्षी पाण्याच्या पंपाजवळ पटकीचे मूळ शोधून अमर झाले. राणीच्या खोलीतील त्यांचे ५३ मिनिटांचे काम विज्ञानाच्या इतिहासात बरेच मागे पडले.

पण भारतीय वाचकाने रेंगाळावे असे ठिकाण म्हणजे हैदराबाद. क्लोरोफॉर्मने माणसे टेबलावर अचानक का दगावतात, यावर तेव्हा जगभर वाद पेटला होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा दावा असा की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतो आणि हृदय नंतर. म्हणून नाडी धरून बसू नका, श्वास पाहा. १८८८ मध्ये त्यांनी एक कमिशन नेमून प्राण्यांवर प्रयोग केले. 'द लॅन्सेट' या नियतकालिकाला ते पटेना, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन लॅन्सेटच्याच प्रतिनिधीला लंडनहून बोलावले, आणि १८८९ मध्ये दुसरे कमिशन बसले. भुलेच्या शास्त्रातील त्या काळचा एक मोठा वाद असा मुसी नदीच्या काठी लढला गेला. लॉरींच्याच शिष्यांपैकी एक होत्या रूपाबाई फर्दुनजी. हैदराबाद मेडिकल स्कूलमधून १८८९ साली शिकून बाहेर पडलेल्या या पारशी बाई जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात.

कमिशनचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की हलक्या गुंगीत ॲड्रिनलिन उसळले तर क्लोरोफॉर्म थेट हृदयाची लय बिघडवू शकतो. तरीही लॉरींच्या आग्रहातील एक भाग आजवर टिकला आहे : भूल देणाऱ्याने रुग्णावरून नजर काढायची नाही. भूल ही बाटलीतून येते असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ती येते एका प्रशिक्षित माणसाच्या अखंड लक्षातून, आणि भारताच्या प्रसूतिकक्षांत तुटवडा आहे तो याच गोष्टीचा.

उत्तर भारतातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीला हे पहिल्याच वर्षी कळून चुकले. इमारतीच्या एका टोकाला शस्त्रक्रियागृह, दुसऱ्या टोकाला प्रसूतिकक्ष, मध्ये साठ-सत्तर पावलांचा व्हरांडा. रात्रीच्या पाळीत आणीबाणीच्या शस्त्रक्रिया पुरी करता करता पहाट होई. व्हरांड्यातून जाताना दुसऱ्या टोकाचे आवाज येत : कळा देणाऱ्यांचे, आणि त्यांच्यावर खेकसणाऱ्यांचेही. 'तेव्हा नाही ओरडलीस ती?' हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकले की ते कोण म्हणते इकडे तिचे लक्षही जाईनासे झाले. तीन वर्षांत सिझेरियनसाठी पाठीत भूल तिने शेकड्यांनी दिली. प्रसूतीच्या कळांसाठी एपिड्यूरल दिले ते बोटांवर मोजण्याइतके. त्या थोड्या जणींपैकी बहुतेक कुणा ना कुणा डॉक्टरच्या किंवा नर्सच्या नात्यातल्या होत्या.

कारण गणितात होते. सिझेरियनला एक भूलतज्ज्ञ साधारण तासभर लागतो. टेबल रिकामे होते, बाळ रडते, नोंद पुरी होते. एपिड्यूरलची नळी बसवायला वीस-पंचवीस मिनिटे, त्यानंतरची अर्धी घटका दर पाच मिनिटांनी रक्तदाब, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष, आणि मग सहा-आठ तास अधूनमधून पाहणी, मात्रेची जुळवाजुळव, नळी सरकली तर पुन्हा बसवणे. ज्या रुग्णालयात रात्री एकच भूलतज्ज्ञ असतो, तिथे प्रसूतिकक्षातील पाच जणींना ही सेवा देण्याचा विचारही उद्धटपणाचा वाटू लागतो. भूलतज्ज्ञांची संख्या मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. तालुक्याच्या ठिकाणी सिझेरियन तरी व्हावे म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत जीवरक्षक भूल शिकवण्याचा कार्यक्रम आखला. त्याने अनेक जीव वाचले असतील. पण त्याच्या नावातच त्याची मर्यादा आहे. जीव वाचवणे ही निकड मानली गेली, वेदना शमवणे नाही. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, आहार, रक्त, वाहतूक यांची हमी आहे. वेदनाशमनाला त्या यादीत स्वतंत्र ओळ नाही.

फेंटानिलचाही प्रश्न होता. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने अशा औषधांची खरेदी आणि साठा इतका किचकट केला की लहान रुग्णालयांनी त्यांचे नावच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल आणि इतर काही औषधांना आवश्यक औषधांचा दर्जा देऊन परवान्यांची व्यवस्था देशभर एकसारखी केली. कायदा सैल झाला, पण भीती कपाटाला कुलूप लावून बसली ती बसलीच.

या मुलीचे लग्न झाले, तिला दिवस गेले. तिने प्रसूतीसाठी मोठ्या शहरातील एक खासगी रुग्णालय निवडले. त्याच्या माहितीपत्रकात 'वेदनारहित प्रसूती' ठळक अक्षरांत छापलेली होती. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. साडेबाराला तिने एपिड्यूरल मागितले. गर्भाशयमुख अजून चार सेंटिमीटर उघडलेले नाही, इतक्या लवकर दिले तर कळा मंदावतील, असे उत्तर मिळाले. हा नियम जुना झाल्याचे तिला ठाऊक होते. लवकर दिलेल्या एपिड्यूरलने सिझेरियन वाढत नाही हे २००५ मध्येच एका मोठ्या चाचणीत दिसले होते आणि अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सेंटिमीटरची अट सोडून स्त्रीची मागणी हेच पुरेसे कारण मानले होते. तिने हे सांगितलेही. कळेच्या मध्ये संशोधनाचे दाखले देणाऱ्या रुग्णाकडे जसे पाहिले जाते, तसेच तिच्याकडे पाहिले गेले. दोन वाजता सांगण्यात आले की नवऱ्याची आणि सासूबाईंची सही लागेल. सासूबाई वाईट नव्हत्या. 'आमची तिन्ही बाळंतपणं अशीच झाली गं, थोडी कळ काढ,' असे त्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, आणि त्यात मायाच होती. तीनला कळले की भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात अडकले आहेत. आणि चारच्या सुमारास सिस्टर म्हणाल्या, आता उशीर झाला, आता काय, होतच आलं.

आधी फार लवकर, मग फार उशीर. ज्या वेळी ते देता आले असते, ती वेळ कुणाच्या घड्याळात आलीच नाही. तिला एपिड्यूरल मिळाले ते सव्वाचारला, कारण त्या रात्री पाळीवर असलेला भूलतज्ज्ञ तिच्याच महाविद्यालयात शिकलेला होता आणि त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. वीस मिनिटांत तिचे खांदे सैल पडले. बाळ पुढे पावणेदोन तासांनी आले, म्हणजे तितका उशीर झालाच नव्हता. त्या पावणेदोन तासांत तिने पाणी प्यायले, नवऱ्याशी चार वाक्ये बोलली, आणि शेजारच्या खोलीतून येणारे ओरडणे तिला पहिल्यांदाच एका विशिष्ट बाईचे ओरडणे म्हणून ऐकू आले.

सहीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला की सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती वैध नाही. तातडीचा धोका नसेल, तर रुग्णाला स्वतः विचारावे लागते. प्रसूतिकक्षातील स्त्री तर पूर्ण शुद्धीवर असते. तिच्या पाठीत नळी घालायची की नाही, याचा अधिकार तिचा एकटीचा. प्रत्यक्षात फॉर्मवर नवऱ्याच्या सहीची जागा आधी छापलेली असते, कारण उद्या भांडायला येईल तो नवरा, असे रुग्णालयाला वाटते.

वेदनेची ही उपेक्षा एका दुसऱ्या आकड्यातून डोकावते, अशी शंका घ्यायला जागा आहे. पाचव्या पाहणीनुसार खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तेलंगणात सर्व मिळून ६०.७ टक्के. यामागे पैसा, मुहूर्त, वेळेची सोय आणि खटल्यांची भीती अशी अनेक कारणे आहेत. पण कळांची धास्ती हेही एक आहे, आणि 'यापेक्षा पोट कापा' असे हात जोडून म्हणणारी स्त्री कुठल्याही प्रसूतितज्ज्ञाला अपरिचित नाही. गंमत अशी की पोट कापायचे ठरताच तोच भूलतज्ज्ञ अर्ध्या तासात हजर होतो. वेदनामुक्ती देशात उपलब्ध आहेच. फक्त तिची किंमत पोटावरच्या टाक्यांत मोजायची, अशी ही व्यवस्था आहे.

मे २०२४ मध्ये 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झालेला स्कॉटलंडचा अभ्यास या चर्चेला वेगळीच बाजू देतो. तेथील ५ लाख ६७ हजार स्त्रियांच्या नोंदींत एपिड्यूरल घेतलेल्यांमध्ये प्रसूतीशी निगडित गंभीर आजारपण ३५ टक्क्यांनी कमी आढळले. मुदतपूर्व प्रसूती झालेल्या आणि आधीच जोखमीत असलेल्या स्त्रियांत हा फरक अधिक होता. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कदाचित औषधाइतकाच त्या जादा देखरेखीचा हा परिणाम असेल. पण तसे असले तरी ज्यांना देखरेखीची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हे भारतातील वास्तव बदलत नाही.

उपाय अशक्य नाहीत. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञ नळी बसवतो, पहिली मात्रा देतो आणि पुढचे तास प्रशिक्षित सुईण सांभाळते. स्त्रीच्या हातातील बटणाने ती स्वतः ठरावीक मर्यादेत औषध घेऊ शकते. भारताने डिसेंबर २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि परिचारिकांना अठरा महिन्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण देण्याचे ठरवले. तेलंगण यात पुढे होता. हैदराबादचा तो जुना वारसा अशा अनपेक्षित वाटेने परत येतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी एपिड्यूरलचा पर्याय मागणाऱ्या स्त्रीला तो द्यावा म्हणतात, आणि त्याचबरोबर मालिश, उबदार शेक, श्वसन, हिंडण्याची मुभा, सोबतीला आपले माणूस, हेही सांगतात. सोबतीला पैसा लागत नाही. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड निम्मे निम्मे असलेला वायू ब्रिटनमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ बाया स्वतःच्या हाताने मुखवटा धरून हुंगत आल्या आहेत; त्याने कळ जात नाही, पण बोथट होते. याउलट भारतात प्रसूतिकक्षात जी इंजेक्शने 'दुखायचे कमी होईल' म्हणून टोचली जातात, त्यांतल्या काहींचा उद्देश प्रसूती लवकर व्हावी एवढाच असतो. बाईला ते सांगितले जात नाही, आणि मग 'मला दिलं होतं इंजेक्शन, काही उपयोग झाला नाही' अशी साक्ष गावभर फिरते. एपिड्यूरलचे नाव त्या न दिलेल्या एपिड्यूरलमुळे खराब होते.

ती तरुण भूलतज्ज्ञ आता मध्य भारतातील एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात काम करते. दर महिन्याच्या ९ तारखेला देशभर गर्भवतींची मोफत तपासणी होते, २०१६ पासूनच्या केंद्रीय अभियानाखाली. त्या दिवशी रांगेत दोनशेच्या आसपास बायका असतात, आणि सकाळच्या शस्त्रक्रिया आटोपून ती तिथे जाऊन बसते. कळा सुरू झाल्यावर कुणाला काही समजावणे हे समजावणेच नव्हे, हे ती स्वतःवरून शिकली आहे. विचारायचे ते आठव्या महिन्यात. तिच्या हातात मणक्यांचा प्लास्टिकचा नमुना आणि ती सुतासारखी नळी असते. नळी हातात घेऊन वाकवून पाहिली की निम्मी भीती जाते.

प्रश्न ठरलेले असतात. पाठ जन्मभर दुखेल का? गर्भारपण आणि बाळंतपण यांनीच अनेकींची पाठ दुखते, नळी घातलेल्यांची आणि न घातलेल्यांची सारखीच. पाय लुळे पडतील का? जड वाटतील, काही तासांत पूर्ववत होतील. बाळ सुस्त निपजेल का? या मात्रेने नाही. मग बाळावरची माया कमी होईल का, असे एकीने विचारले तेव्हा बाकीच्या हसल्या, पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तो प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनीही विचारला होता. कुणी म्हणते, मला नकोच, मी सोसेन. त्यावर ती काही बोलत नाही. नको म्हणणेही विचारल्यावरच म्हणता येते.

मग मागच्या रांगेतून एखादी सासू किंवा आई बोलते, कारण खरा प्रश्न नेहमी तिलाच सुचतो. 'बाई, हे सगळं ठीक. पण आमच्या पोरीच्या कळा रात्री सुरू झाल्या तर?' याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्यात आहे, आणि ती ते जसे आहे तसे सांगते : सध्या सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. दुसऱ्या भूलतज्ज्ञाची जागा मंजूर आहे, भरलेली नाही.